मैलाटाकीचा खरा हिशेब

घर बांधणाऱ्या गृहस्थाला सिमेंट, सळई आणि फरशी यांचे भाव तोंडपाठ असतात. घराखालच्या सेप्टिक टँकविषयी विचारले, तर 'ते मिस्त्रीने बघितले' एवढेच उत्तर मिळते. टाकी कोठे आहे, केवढी आहे, तिचे सांडपाणी कोठे जाते, याची कल्पना पुष्कळदा घरातल्या कोणालाच नसते. हे अज्ञान एका कुटुंबापुरते असते, तर त्याची दखल येथे घेण्याचे कारण नव्हते. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागातील सुमारे ३८ टक्के कुटुंबे सेप्टिक टँकवर विसंबून होती. भुयारी गटाराची सोय जेमतेम ३३ टक्क्यांना लाभली होती. म्हणजे आपल्या नागरी आरोग्याचा मोठा भार सरकारी गटारांवर नसून खाजगी खर्चाने खणलेल्या खड्ड्यांवर आहे.

या खड्ड्याची किंमत कशी ठरते? कोकणात जांभा फोडावा लागतो, देशावर काळा पाषाण लागला की ब्रेकर आणावा लागतो आणि काळ्या जमिनीत ती फुगते-आकसते म्हणून भिंती मजबूत घ्याव्या लागतात. एकाच मापाची टाकी एका गावात चाळीस-पन्नास हजारांत होते, तर दुसऱ्या गावात लाखाचा आकडा ओलांडते. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण शौचालयासाठी ठरलेले १२ हजार रुपयांचे अनुदान यापुढे किती तोकडे आहे, हे सांगावयास नको. ती रक्कम दोन लहान शोषखड्ड्यांच्या साध्या संडासासाठी होती. लोकांना मात्र टाकी हवी होती, आणि तीही मोठी.

ही मोठ्या टाकीची हौस हेच दुखण्याचे मूळ आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला, दर दोन वर्षांनी उपसा गृहीत धरून, दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटरभर पाण्याची टाकी पुरते, असे भारतीय मानक ब्युरोची संहिता सांगते. ही झाली सुमारे अकराशे लिटरची टाकी. प्रत्यक्षात दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि आठ फूट खोल टाकी सर्रास बांधली जाते. तिची धारणा साडेतेरा हजार लिटरच्या घरात जाते. या दहापटीहून मोठ्या टाकीमागील हेतू एकच, की आपल्या हयातीत ती उपसावी लागू नये. मैल्याचा विटाळ मानणाऱ्या समाजाने त्यापासून दूर राहण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे.

पण टाकी विसरली म्हणून मैला नाहीसा होत नाही. वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ घट्ट होतो, टाकीची गाळ वेगळा करण्याची शक्ती संपते आणि घाण सांडपाण्याबरोबर बाहेर पडू लागते. मुळात सेप्टिक टँक पाणी शुद्ध करीतच नाही; घन भाग खाली बसविणे व तो काही अंशी कुजविणे एवढेच तिचे काम. पुढचे काम शोषखड्ड्याने करावयाचे असते. तेवढा खर्च वाचवून टाकीची नळी सरळ उघड्या गटारात सोडणे हा आपल्या निमशहरांचा शिरस्ता होऊन बसला आहे. गटार ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो. घरमालकाच्या बचतीची किंमत खालच्या अंगाचे गाव मोजते.

जो इमानाने शोषखड्डा खणू पाहतो, त्याचीही कोंडी आहेच. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा, असा दंडक आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकाच रुंद चौकोन, अर्थात उणापुरा दहा मीटरांचा. गुंठेवारीच्या वस्तीत प्रत्येकाची कूपनलिका आणि प्रत्येकाचा खड्डा असताना हे अंतर साधणार कसे? २००१ च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित केली आणि २०२१ मध्ये त्या सवलतीची मुदतही वाढवून दिली. परंतु कागद नियमित झाल्याने जमिनीखालचे पाणी शुद्ध होत नाही. कितीही पैसे मोजले तरी एकट्याने विकत घेता येणार नाही, अशी ही सुरक्षितता आहे.

सर्वांत भयंकर किंमत मात्र तिसराच कोणी देतो. घट्ट झालेला गाळ यंत्राच्या नळीला दाद देत नाही; मग माणूस आत उतरविला जातो. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते, त्यामुळे वासाने सावध होण्याचीही सोय राहत नाही. एक कोसळला की त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविण्यास मनाई केली आहे. ती नगरपालिकेइतकीच घरमालकालाही लागू आहे, आणि पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूबद्दल दहा लाखांची भरपाई ठरविली. २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरीही मृत्यूच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. त्या मृतांत बहुसंख्य कोणत्या जातींचे असतात, हे महाराष्ट्राला सांगावे लागू नये.

या भूमीत दुसरा विचार झालाच नव्हता असे नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम केले आणि मैल्याचे खत करणारे संडास प्रचारात आणले. देहूत डॉ. मापुसकरांनी आयुष्य याच कामी वेचले. दोन खड्डे आळीपाळीने वापरले, तर दोनएक वर्षांत भरलेल्या खड्ड्यातील मैल्याचे निरुपद्रवी खत होते, हे साधे शास्त्र आहे. भूजल खोल आहे व जमीन पाझरणारी आहे तेथे आजही याहून स्वस्त उपाय नाही. दाट वस्तीच्या शहरांत मात्र तो पुरणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तेथे वाईचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. कृष्णाकाठच्या या सुमारे ३६ हजार वस्तीच्या गावाने २०१८ साली प्रत्येक टाकी दर तीन वर्षांनी क्रमाने उपसण्याची योजना हाती घेतली, गाळासाठी प्रक्रिया केंद्र उभारले आणि खर्चाची तरतूद स्वच्छता कर व मालमत्ता कर यांतून केली. टाकी तुंबल्यावर धावाधाव करून गाडी बोलवायची व घासाघीस करून खेपेचे पैसे द्यायचे, हा प्रकार त्याने टळला. सिन्नरनेही हाच मार्ग धरला. समजा, एका उपशास दोन हजार रुपये पडले, तर तीन वर्षांवर विभागता महिन्याला साठ रुपयेही होत नाहीत.

नवा कर म्हटला की नगरसेवक बिचकतात आणि 'आधी गटारे द्या, मग कर मागा' असे नागरिक म्हणतात. या तक्रारीत तथ्य आहे. उपसलेला मैला नाल्यात ओतणाऱ्या गाड्यांकडे डोळेझाक करणाऱ्या पालिकेला कर मागण्याचा नैतिक अधिकार नाही. म्हणून प्रक्रिया केंद्र आधी आणि कर नंतर, हा क्रम पाळला गेला पाहिजे. बांधकाम परवाना देताना टाकीचे माप व शोषखड्डा प्रत्यक्ष तपासला जावा, आणि प्रत्येक टाकीची नोंद पालिकेच्या दप्तरी असावी. गटारांची वाट पाहत आणखी एक पिढी घालविण्यापेक्षा हे सर्व आजच्या आज शक्य आहे.

घरमालकाला टाकी स्वस्त पडते की महाग, हा हिशेब मिस्त्रीच्या वहीत पुरा होत नाही. त्यात शेजाऱ्याची विहीर, खालच्या गावची नदी आणि आत उतरणाऱ्याचा जीव यांची रक्कम मांडावी लागते. महिन्याचे साठ रुपये जड वाटतात अशांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.