मृत्युपत्र एक, पहाणी इकडे, सात-बारा तिकडे
धारवाडच्या मळमड्डीत जुनं घर, चंदगडकडे थोडी शेती, दादरला एखादी खोली. सीमाभागातल्या कित्येक मराठी घरांची मिळकत अशीच विखुरलेली आहे. 2025 अखेर भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम 213 वगळलं गेलं, ते या घरांच्या कामाचं आहे. धारवाडच्या घराला प्रोबेटची सक्ती आधीही नव्हती; मुंबई शहरातल्या स्थावर मिळकतीला होती. तीही आता गेली.

म्हणून भांडणं संपली असं नाही. सहीवर शंका आली की दिवाणी कोर्ट आहेच. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि वाद झाल्यास त्यातल्या हयात असलेल्या किमान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. तेव्हा साक्षीदार आपल्याच वयाचे नकोत.

मृत्युपत्र मराठीतही चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सब-रजिस्ट्रारला मराठी येत नसेल आणि ती त्या जिल्ह्यात रूढ नसेल, तर कन्नड भाषांतर जोडावं लागतं.

वडिलोपार्जित मिळकतीत मात्र वडिलांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुलीचा हक्क मृत्युपत्राने पुसला जात नाही.

घरात दिव्यांग मूल असेल तर नुसतं नावावर करून भागत नाही; सांभाळणारा कोण, हा खरा प्रश्न. तिथे खासगी ट्रस्ट उपयोगी. मृत्युपत्रातूनही तो करता येतो. हयातीत घर ट्रस्टला द्यायचं तर मात्र नोंदणी हवीच, मुद्रांकाचा खर्चही आला.

कायदा दोन्ही राज्यांत एकच, कचेऱ्या दोन. म्हणून प्रत्येक मिळकतीचा सर्व्हे किंवा सिटीएस नंबर मृत्युपत्रात नीट लिहिलेला हवा.