गिटारची खुंटी कोणी पिळायची?

विद्यार्थी मित्रांनो, वार्षिक परीक्षा संपली की तुमच्यापैकी पुष्कळांना गिटार शिकण्याची ओढ लागते आणि घरात वाद सुरू होतो. मोबाईलवर शिकवणीच्या चित्रफिती फुकट मिळत असताना दरमहा फी भरून मास्तरांकडे कशाला जायचे? वडीलधाऱ्यांचा हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, मास्तर हवेतच. परंतु एक काम मात्र त्यांना करू देऊ नका. तुमची गिटार त्यांना जुळवू देऊ नका.

मास्तर का हवेत, ते आधी पाहू. चित्रफीत तुम्हाला दिसते, पण तिला तुम्ही दिसत नाही आणि तुमचे वाजवणे ऐकूही येत नाही. तार पडद्याच्या जरा मागे दाबायची, हे चित्रफीतही सांगते. पण तुम्ही ती गरजेपेक्षा जोराने दाबलीत तर तार अधिक ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. नवशिक्याच्या कानाला हे कळत नाही. शेजारी बसलेल्या मास्तरांना तत्काळ कळते. ते तुमचा अंगठा थोडा सरकवतात, मनगट सैल करायला लावतात, आणि स्वर जागेवर येतो. फी द्यायची ती या कानाची.

मग जुळवणीला हरकत का? अनेक शिकवण्यांत मुले येतात, गिटार मास्तरांच्या हाती देतात, मास्तर दोन मिनिटांत सहाही खुंट्या पिळतात आणि धडा सुरू होतो. वेळ वाचतो, हे खरे. (हल्ली मोबाईलही हे काम करतो. हिरवी खूण दिसली की झाले!) पण माझ्या मते गिटारमधला सर्वांत उत्तम धडा इथेच हातचा जातो.

करून पाहा. सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबली की तिची सेकंदाला ११० कंपने होतात. पाचवी तार मोकळी छेडली असता तीही ११० च द्यायला हवी. समजा ती १०८ देते आहे. डाव्या बोटाने पडदा दाबून ठेवा, उजव्या हाताने दोन्ही तारा एकदम छेडा आणि कान द्या. आवाज सेकंदाला दोन वेळा फुगतो आणि ओसरतो. हेच ते विस्पंद. आता त्याच हाताने पाचव्या तारेची खुंटी अगदी हळू पिळा. विस्पंद मंदावतील, सेकंदाला एक, दोन सेकंदांना एक, आणि मग आवाज सपाट होईल. उलट ते घाईने येऊ लागले तर समजावे की, खुंटी चुकीच्या दिशेने फिरते आहे. बाकीच्या जोड्याही अशाच जुळवायच्या. फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या जोडीला चौथा पडदा घ्यायचा.

येथे ताण किती वाढवावा लागला? कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून १०८ वरून ११० वर जायला ताण जेमतेम पावणेचार टक्के वाढतो. आमच्या महाविद्यालयात सोनोमीटरचा प्रयोग करताना ज्याने घरी एखादे तंतुवाद्य स्वतः जुळवले आहे, तो विद्यार्थी मला लगेच ओळखू येतो. बाकीचे वजनांकडे पाहतात, तो तारेकडे कान लावतो.

ताणाचा हा संबंध वजने टांगून तपासणाऱ्यांपैकी एक होते व्हिन्चेन्झो गॅलिली, म्हणजे गॅलिलिओचे वडील. ते ल्यूट या तंतुवाद्याचे वादक आणि संगीताचे अभ्यासक होते. मुलाला ल्यूट त्यांनीच शिकवली. १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी पडद्यांसाठी एक सोपा नियमही दिला: प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या अठराव्या भागावर बसवा. तुमच्या गिटारची तार ६५० मिलिमीटर असेल तर बारा वेळा १७/१८ ने गुणून पाहा. उत्तर ३२५ यायला हवे, येते सुमारे ३२७. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा नियम सव्वादोन मिलिमीटरनेच चुकतो! आज अठराऐवजी १७.८१७ घेतात.

आता मास्तरांची खरी गरज जेथे लागते ती जागा. तिसरी तार मोकळी १९६ कंपने देते आणि दुसरी सुमारे २४७. चौथा पडदा न दाबता, या दोन्ही मोकळ्या तारा एकमेकींशी गोड लागाव्यात अशा जुळवू गेलात, तर कान दुसरीला २४५ वर थांबवतो, कारण तेव्हा प्रमाण बरोबर ५ : ४ होते. हा झाला शुद्ध गांधार. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार माहीत असेल, तो हाच. परंतु गिटारचे पडदे बारा समान प्रमाणांचे बसवलेले असतात आणि त्यांना २४७ च हवे. २४५ वर ठेवलेली दुसरी तार पहिल्या तारेशी भांडू लागते. पहिलीची कंपने ३२९.६, तिचा तिसरा उपस्वर ९८९, दुसरीचा चौथा ९८०. सेकंदाला नऊ विस्पंद! मुलगा म्हणतो, वाद्यच वाईट आहे, बदलून आणू या. वाद्यात काहीही खोट नसते. तो गोडवा थोडा सोडून द्यायचा आणि किती सोडायचा, हे शेजारी बसून ऐकवणारे माणूसच शिकवते.

मोबाईल वापरू नये असे मी म्हणत नाही. कानाने जुळवून झाल्यावर त्यावर ताडून पाहा आणि कोणती तार किती चुकली ते वहीत लिहा. पहिले दोन महिने प्रत्येक धड्यातली दहा मिनिटे यातच जातील. घरचे कुरकुरतील. त्यांना हा लेख वाचायला द्या. आणि सराव कमी पडेल अशी चिंता नको; नवी नायलॉनची तार पहिले काही दिवस रोज सैल पडतच असते.