खाऊची पिशवी आपण भरायची, तर रस्ताही आपणच ठरवायचा



परीक्षा संपत आल्या की घरोघरी शिमला-मनालीचे बेत सुरू होतात. पुरुष मंडळी हॉटेलं शोधतात, मुलं बर्फाचे व्हिडिओ बघतात आणि आपल्याला एकच प्रश्न येतो, "बरोबर खायला काय काय करशील?" मार्गाबद्दल आपल्याला कोणी विचारत नाही. माझा आक्षेप इथेच आहे.

"एकदाच जातोय, तर सगळं बघून घेऊ" या एका वाक्याने सहलीची वाट लागते. मी कॉमर्सवाली, हिशेबच मांडते. चंदीगड ते शिमला सुमारे ११५ किलोमीटर, घाटाचे चार तास. शिमला ते मनाली सुमारे २५० किलोमीटर, सात-आठ तास. मनालीहून चंदीगडला परतताना पुन्हा जवळपास तेवढेच. पाच रात्रींच्या सहलीतले तीन दिवस गाडीतच गेले की! पैसे मोजले डोंगराचे, पाहिली पुढच्या गाडीची नंबरप्लेट.

उंचीचं गणितही कोणी करत नाही. मनाली साधारण २,००० मीटरवर, रोहतांग ३,९७८ मीटरवर. एका सकाळीत दुप्पट उंची! अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, धाप लागणं सुरू होऊ शकतं. सासऱ्यांचा रक्तदाब, नातवाला गाडी लागते, हे सगळं घरात कोणाला पाठ असतं? आपल्यालाच ना? मग निर्णयात आपण का नाही?

आणि जेवण. गाडी घाटात अडकते, सूर्य कलतो. घरातली वडीलधारी माणसं रात्री खात नाहीत, ती उपाशीच झोपतात. बोलणी कोणाला? "तू डबा जास्त का नाही घेतलास?"

काही जणी म्हणतील, आचारी बरोबर असलेली टूर घ्यावी. जरूर घ्या. पण आचारी स्वयंपाक करील, सूर्य थांबवणार नाही. मार्ग चुकीचा असेल तर त्याचा गरम फुलकाही अंधारातच पोचणार.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शिमला तर शिमलाच. कालका-शिमला ही छोटी रेल्वे १९०३ पासून धावते आहे. तिचे ९६ किलोमीटरचे पाच-साडेपाच तास हीच अर्धी सहल. मनाली तर मनालीच. दोन रात्री विसावा घ्या, जवळच्या नग्गरला चित्रकार रोरिक यांचं घर बघा, मग डॉक्टरांना विचारून वर जा. आणि एक दिवस कोरा ठेवा, ज्यात कुठेही जायचं नाही. सुट्टी आपलीही आहे.

तेव्हा यंदा खाकऱ्याचं पीठ मळण्याआधी नकाशा मागा. नकाशा मिळाला नाही, तर पीठही त्यांनाच मळू द्या!