झरीहून मोटरहोम घेऊन डोंगरात जायचंय? आधी मुक्काम ठरवा, मग घाट

चारचाकीतच पलंग, ओटा, छोटं संडास-बाथरूम आणि खिडकीबाहेर धुक्यातला घाट. मोबाईल उघडला की असे रील्स रोज दिसतात. मोटरहोम, कॅराव्हॅन, कॅम्परव्हॅन अशी नावं वेगवेगळी असली तरी कल्पना एकच आहे. घर सोबत घ्यायचं, हॉटेल शोधायचं नाही आणि वाटेल तिथे थांबायचं. गुडघेदुखीमुळे प्रवास टाळणारे आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर ही सोय जास्तच मोलाची वाटते.

पण रीलमध्ये एक गोष्ट सहसा दिसत नाही. रात्री ही गाडी उभी कुठे राहते? महाराष्ट्रात मोटरहोमची सहल जमणार की फसणार, हे बरंचसं याच प्रश्नावर ठरतं. म्हणून एका ठिकाणाहून प्रत्यक्ष मार्ग आखून बघू. ठिकाण आहे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं झरी. आजूबाजूला काळी सपाट जमीन, कापूस आणि सोयाबीन. इथून डोंगर म्हटलं की बहुतेकांना थेट सह्याद्री आठवतो. तो गाठता येतो, पण पहिल्या सहलीसाठी तो योग्य आहे का?

सरकारचं धोरण काय सांगतं?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं. त्याचे दोन भाग आहेत. एक म्हणजे कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. दुसरा म्हणजे कॅराव्हॅन पार्क, जिथे ही गाडी रात्री सुरक्षित उभी राहील आणि पाणी, वीज, स्वच्छतागृह मिळेल. डोंगर, धरणं, जंगलाच्या कडा अशा ठिकाणी पक्कं बांधकाम करता येत नाही किंवा हॉटेलं नसतात. तिथे पर्यटकांची राहण्याची सोय व्हावी, हा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी केरळनेही असंच धोरण आणलं आणि पुढे वागमोन इथे कॅराव्हॅन पार्क सुरू झालं.

धोरण असलं तरी दर शंभर किलोमीटरवर पार्क आहे, अशी परिस्थिती आपल्याकडे नाही. युरोप-अमेरिकेत मोटरहोमवाले ज्या भरवशावर निघतात, तो भरवसा इथे नकाशावर आधी स्वतः तयार करावा लागतो. म्हणजे पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, कृषी पर्यटन केंद्र, देवस्थानाचं भक्तनिवास किंवा मोठं आवार असलेला ढाबा हेरून, आधी फोन करून 'गाडी आत लावून राहू द्याल का' असं विचारायचं. असे तीन-चार होकार मिळाले की ते जोडणारी रेघ हाच तुमचा मार्ग.

पर्याय पहिला : एकाच महामार्गाने थेट माळशेज

परभणीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१, म्हणजे आपला कल्याण-निर्मल रस्ता, थेट माळशेज घाटातून कल्याणकडे उतरतो. झरीहून परभणीला यायचं आणि पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर, आळेफाटा, ओतूर असं चालत राहायचं. अंतर साधारण चारशे किलोमीटर.

मार्ग सोपा आहे आणि शेवट देखणा. माळशेजच्या माथ्यावर पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी आहे, जवळ जुन्नर आणि शिवनेरी. पण हिशेब करा. डोंगर शेवटच्या टप्प्यात येतो. त्याआधी तीनशेहून जास्त किलोमीटर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून जावं लागतं. निवांत सहलीचे जाण्यायेण्याचे मिळून तीन-चार दिवस सपाट रस्त्यावरच खर्च होतात.

शिवाय ज्या पावसाळ्यात माळशेज सर्वात सुंदर दिसतो, तोच काळ दरडी, धुकं आणि गर्दीचा असतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेशही निघत असतात. लहान गाडी वळवून परत फिरता येतं. मोटरहोम अरुंद घाटात वळवायची म्हणजे मागे पुढे दोन्हीकडची वाहतूक थांबवावी लागते.

पर्याय दुसरा : समृद्धी महामार्ग

जालन्याला समृद्धीवर चढलं की मुंबईच्या दिशेने सुसाट जाता येतं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कसारा घाटाला वळसा न घालता आता इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत खाली उतरता येतं.

मालवाहतुकीसाठी आणि पेशंट घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी ही मोठीच सोय आहे. पण निवांत सहलीचा उद्देश इथे उलटा होतो. डोंगर बघायला निघालेला माणूस डोंगराच्या पोटातून जातो आणि त्याला दिसतो बोगद्याचा दिवा. या रस्त्यावर मधेच कडेला गाडी लावणं नियमबाह्य आहे आणि जिवावर बेतणारंही. तेव्हा समृद्धी पोहोचण्यासाठी वापरा, बघण्यासाठी नको.

पर्याय तिसरा : अजिंठ्याची डोंगररांग

झरीच्या उत्तरेलाच जिंतूर तालुका आहे. परभणी जिल्ह्याचा हा डोंगराळ भाग. इथले डोंगर अजिंठा रांगेचेच फाटे आहेत. सह्याद्रीसारखे कडे इथे नाहीत, पण चढउतार, सागाचं विरळ जंगल, धरणं आणि लेणी आहेत. आणि डोंगर पहिल्याच दिवशी सुरू होतो.

पहिला दिवस : झरी ते जिंतूर हे अंतर वीस-बावीस किलोमीटर. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणी आहेत, पुढे पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. तिथून लोणार. जिंतूर-लोणार साठेक किलोमीटर. लोणारला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, तेव्हा मुक्कामाची चौकशी तिथून सुरू करा. उल्का आदळून तयार झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि २०२० पासून त्याला रामसर स्थळाचा दर्जा आहे.

दुसरा दिवस : लोणारहून मेहकर, चिखली, बुलढाणा. अंतर नव्वदेक किलोमीटर. मेहकरला शारंगधर बालाजीची देखणी मूर्ती बघता येते. बुलढाणा हे डोंगरमाथ्यावर वसलेलं गाव, त्यामुळे हवा खालच्या मलकापूर-खामगावपेक्षा बरी. खामगावच्या दिशेचा बोथा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. टिपेश्वरहून सुमारे तेराशे किलोमीटर चालून आलेला 'वॉकर' नावाचा वाघ २०१९ मध्ये इथेच पोहोचला होता. घाट दिवसा बघून परत या. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, रात्र गावातच काढा.

तिसरा आणि चौथा दिवस : बुलढाण्याहून अजिंठा गाव आणि तिथून घाट उतरून फर्दापूर. अंतर साठेक किलोमीटर. फर्दापूरलाही महामंडळाचं निवासस्थान आहे. लेण्यांपर्यंत खासगी गाडी जात नाही, ती फर्दापूर फाट्यावर ठेवून बसने जावं लागतं. म्हणजे मोटरहोम कुठे लावायची हा प्रश्न लेण्यांपुरता आपोआप सुटतो. १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथला जिथून लेणी दिसली, त्या बाजूचा व्ह्यू पॉईंट वाघोरा नदीचं नालाकृती वळण दाखवतो. लेणी सोमवारी बंद असतात, हे दिवस ठरवताना लक्षात ठेवा.

पाचवा आणि सहावा दिवस : सिल्लोडमार्गे छत्रपती संभाजीनगर, मग जालना, मंठा, चारठाणा, जिंतूर आणि झरी. चारठाण्याची जुनी मंदिरं घरापासून इतकी जवळ असूनही अनेकांनी पाहिलेली नसतात. वेरूळला जायचं तर मंगळवार टाळा.

हा फेरा साधारण साडेपाचशे किलोमीटरचा आहे. गाडी लिटरला दहा किलोमीटर चालते असं धरलं तरी ५५ लिटर डिझेल. माळशेजला नुसतं जाऊन यायला ८०० किलोमीटर, म्हणजे ८० लिटर. आणि त्या प्रवासात डोंगर किती वेळ दिसला, ते वेगळंच.

मग कन्नड घाटातून गेलं तर?

वेरूळपर्यंत आलोच आहोत तर कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जाऊ, असा मोह होईल. हा घाट देखणा आहे, शेजारी गौताळा अभयारण्य आहे. पण तासन्‌तास होणाऱ्या कोंडीमुळे २०२३ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथून अवजड वाहनांना बंदी घातली. व्हॅनवर बांधलेली छोटी कॅम्पर यात येणार नाही, पण बस किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेली मोठी मोटरहोम अडवली जाऊ शकते. त्यामुळे गाडीचं वजन आणि वर्ग आरसी बुकात बघून, महामार्ग पोलिसांकडे चौकशी करूनच निघा.

गाडीची कागदपत्रं : तीन गोष्टी

एक, लायसन्स. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की, हलक्या वाहनाचं लायसन्स असलेली व्यक्ती एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाचं वाहतूक वाहनही चालवू शकते. बऱ्याच मोटरहोम या मर्यादेत बसतात.

दोन, भाड्याची गाडी. स्वतः चालवायला भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर अपघातानंतर विम्याचा वाद तुमच्या गळ्यात पडू शकतो.

तीन, घरची गाडी. जुनी ट्रॅव्हलर घेऊन गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आत पलंग-ओटा बसवणं सोपं वाटतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी.

घाटात काय सांभाळायचं?

मोटरहोम उंच आणि जड असते. पाण्याची टाकी, गॅस, भांडी यांचं वजन वळणावर गाडीला बाहेर ओढतं. त्यामुळे:

• उतरताना सतत ब्रेक दाबू नका, ते तापून निकामी होतात. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरा.

• अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे.

• घाट दुपारच्या आत पार करा. मुक्कामी संध्याकाळी पाचच्या आत पोहोचा. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरे.

• चालत्या गाडीत गॅस पूर्ण बंद ठेवा आणि स्वयंपाक करताना खिडक्या उघड्या.

• डांबर सोडून शेतात गाडी घालू नका. आपल्याकडची काळी माती एका सरीनंतर चाक गिळते, हे झरीकरांना वेगळं सांगायला नको.

• संडासाची टाकी नाल्यात किंवा तळ्याकाठी रिकामी करू नका. मुक्कामाला होकार घेतानाच ही सोय विचारून घ्या. लोणारसारख्या ठिकाणी बाहेर जायला वाटच नाही, आत गेलेलं सगळं पाण्यातच राहतं.

जायचं कधी?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. सोयाबीन घरात आलेलं असतं, धरणांत पाणी असतं, घाट कोरडे असतात आणि रात्री गाडीत पंख्याशिवाय झोप लागते. मार्चनंतर पत्र्याची गाडी दुपारी भट्टी होते.

यात आपल्या भागाचं काय?

निवांत मोटरहोमवाला दिवसाला फार अंतर कापत नाही. तो भाजी, दूध, डिझेल, पाणी वाटेतल्या गावातच घेतो. जिंतूर, लोणार, मेहकर, फर्दापूर या पट्ट्यात अर्धा एकर मुरमाड जागा, एक बोअर, विजेचं कनेक्शन, दोन स्वच्छ संडास आणि कुंपण एवढ्यावर चार गाड्यांची सोय होऊ शकते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, कॅराव्हॅन धोरण २०२१ पासून. कागदावर वाट आहे. पण गाड्या येत नाहीत म्हणून जागा होत नाही आणि जागा नाही म्हणून गाड्या येत नाहीत, अशी गाठ बसली आहे.

ती गाठ सुटायला सुरुवात तुमच्या मार्ग निवडण्यातून होऊ शकते. सगळ्यांनी रील पाहून माळशेज आणि ताम्हिणीच गाठला, तर तिथली कोंडी वाढेल आणि येलदरीच्या काठावर कोणी साधा नळही बसवणार नाही. झरीच्या माणसाला डोंगर बघायला चारशे किलोमीटर जायची गरज नाही. तो जिंतूरच्या पुढेच सुरू होतो. तेवढे तीन-चार मुक्कामाचे होकार मिळवा आणि मग निघा.