अपघातग्रस्त आलिशान मोटारी आणि दुरुस्तीतील विलंब

गेल्या दोन दशकांत देशातील रस्त्यांवर आलिशान परदेशी बनावटीच्या मोटारींची संख्या लक्षणीयरीत्या वाढली आहे. या मोटारींच्या विक्रीचे आकडे दर तिमाहीस ठळकपणे प्रसिद्ध होतात. अपघातानंतर त्या किती दिवस कार्यशाळेत पडून राहतात, याची वाच्यता मात्र क्वचितच होते. मालकांची तक्रार खर्चाची आहे आणि वेळेचीही. खर्चाबाबत देशात चौकशी झाली, आदेशही निघाले. वेळेचा प्रश्न मात्र जिथल्या तिथेच आहे.

खर्च वाढण्याची कारणे मोटारीच्या रचनेतच आहेत. पूर्वी बंपर म्हणजे धक्का सोसणारी पट्टी होती. आता त्यामागे रडार आणि अंतर मोजणारे संवेदक बसविलेले असतात. किरकोळ धडकेनंतरही केवळ बंपर बदलून भागत नाही. संवेदकांची फेरजुळणी कंपनीच्या संगणकप्रणालीवरच करावी लागते. पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल, तर काच बदलल्यावरही तेच. काही मोटारींचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो व तो रिव्हेट आणि विशेष चिकटद्रव्याने जोडलेला असतो. नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे कसब कितीही उत्तम असले, तरी येथे ते उपयोगी पडत नाही.

परंतु तंत्रज्ञानाने सगळा खर्च समजावून सांगता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार उत्पादकांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्यांत सामान्य मोटारींचे उत्पादक होते, तसेच आलिशान मोटारींचेही. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र कारागिरांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बहुतेक कंपन्यांनी सुट्या भागांच्या किमती साधारणपणे १०० टक्क्यांहून अधिक आणि काही बाबतींत सुमारे ५,००० टक्क्यांपर्यंत चढवल्याचेही आयोगाने नमूद केले. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवला, दंडाची रक्कम मात्र कमी केली.

आता विलंबाचा प्रश्न. विमा नियामक प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर दाव्याचा निर्णय ७ दिवसांत अपेक्षित आहे. म्हणजे विमा कंपनीच्या डोक्यावर घड्याळ आहे. परंतु मंजुरी मिळाल्यानंतर सुटा भाग किती दिवसांत आला पाहिजे, याला अशी कोणतीही मुदत नाही. मालकाची खरी कोंडी येथे होते. विमा कंपनी कार्यशाळेकडे बोट दाखविते, कार्यशाळा उत्पादकाच्या गोदामाकडे आणि गोदाम जहाजाकडे.

पुण्याजवळ चाकण येथे आणि चेन्नईच्या परिसरात जर्मन मोटारींची जुळणी होते. त्यामुळे भाग हाताशीच असतील, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः जुळणीसाठी येणारे संच आणि दुरुस्तीसाठीचे सुटे भाग यांची व्यवस्था वेगळी असते. क्वचित लागणारा दरवाजा किंवा दिवा देशातील गोदामात नसेल, तर तो परदेशातून मागवावा लागतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर युरोपातून येणाऱ्या अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. तेव्हा ही प्रतीक्षा आणखी लांबली.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. दुरुस्तीचा खर्च विमा घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तरच मोटार पूर्णतः निकामी मानून विम्याची रक्कम दिली जाते. समजा, ६० लाख रुपयांची मोटार वापराच्या पाचव्या वर्षात आहे. प्रचलित कोष्टकाप्रमाणे ५० टक्के घसारा वजा जाता तिचे विमा मूल्य ३० लाख, आणि ७५ टक्क्यांची रेषा साडेबावीस लाखांवर येते. पहिले अंदाजपत्रक १९ लाखांचे असेल, तर दुरुस्ती सुरू होते. मोटार खोलल्यावर आतले नुकसान दिसते, पुरवणी अंदाजपत्रक निघते, सर्व्हेअर पुन्हा येतो. आकडा रेषेजवळ घुटमळू लागला, की निर्णय घेण्याची घाई कोणालाच राहत नाही. मधल्या काळात कर्जाचे हप्ते सुरूच असतात. पर्यायी वाहनाचा खर्च मूळ पॉलिसीत धरलेला नसतो. त्यासाठी स्वतंत्र जोडसंरक्षण घ्यावे लागते आणि तेही मोजक्याच दिवसांचे असते.

हे श्रीमंतांचे दुखणे आहे, असे म्हणून विषय बाजूला सारणे सोपे आहे. प्रत्यक्षात सात-आठ वर्षे वापरलेली आलिशान मोटार आज नव्या मध्यम मोटारीच्या किमतीत मिळते आणि ती घेणारा ग्राहक बहुधा पगारदार किंवा छोटा व्यावसायिक असतो. मोटार जुनी झाली म्हणून दिव्याची किंमत उतरत नाही. विम्यात मात्र प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि शून्य घसाऱ्याचे संरक्षण इतक्या जुन्या मोटारीस सहसा मिळत नाही. निम्मा भार त्याच्याच खिशावर पडतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. मोबाईल, घरगुती उपकरणे आणि शेती अवजारांबरोबर मोटारींचाही तिच्या कक्षेत समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी, अशी कल्पना आहे. भाग कोठे मिळेल, हे त्यावरून कळू शकते. कधी मिळेल, हे सांगण्याचे बंधन त्यातून येत नाही. अपघातग्रस्त मोटार ताब्यात घेताना कार्यशाळेने प्रत्येक भागाची मागणी नोंदविल्याचा दिनांक आणि अपेक्षित दिनांक लेखी द्यावा, एवढी साधी अट घातली गेली, तरी पुढे ग्राहक आयोगासमोर विलंब कोणाचा, हे ठरविण्यास काहीतरी कागद हाती राहील.