हरमनप्रीतला तेव्हा ठेवायला नको होतं?

आमच्या रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल हॉकी स्टेडियममधली ६ डिसेंबर २०१५ ची संध्याकाळ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. हॉकी वर्ल्ड लीगच्या अंतिम फेरीत भारत आणि नेदरलँड्स ५-५ वर अडकले, मग शूटआऊटमध्ये श्रीजेश भिंतीसारखा उभा राहिला आणि आपण ३-२ ने कांस्यपदक जिंकलं. जागतिक स्पर्धेतलं ३३ वर्षांनंतरचं पदक! त्यानंतर इथे पानठेल्यावरसुद्धा रिओ ऑलिंपिकचा संघ निवडला जाऊ लागला.

खरा संघ जाहीर झाला तेव्हा माझ्यासारख्या अनेकांच्या कपाळाला आठी पडली. ऑलिंपिकला माणसं मोजकी, फक्त १६. त्यात पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक मारायला रूपिंदरपाल आणि रघुनाथ हे दोघे मुरलेले गडी होतेच. मग तिसरा ड्रॅगफ्लिकर कशाला? आणि तोही वीस वर्षांचा हरमनप्रीत सिंग, ज्याचं वय अजून ज्युनिअर संघात बसत होतं. त्याच डिसेंबरात लखनौला ज्युनिअर विश्वचषक होता. पोराला तिथे खेळू द्या, ही जागा एखाद्या अनुभवी खेळाडूला द्या, असं मी घरी टीव्हीसमोर किती वेळा म्हटलं असेल!

रिओत तर माझंच खरं ठरल्यासारखं झालं. हरमनप्रीतच्या नावावर एकही गोल नाही. भारत उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमकडून १-३ ने हरला. (आपल्या राजनांदगावची रेणुका यादव त्याच रिओत महिला संघातून खेळली, हा इथल्यांना तेवढाच आनंद.)

पण पुढे काय झालं ते पाहा. ऑलिंपिक खेळून आलेला हा मुलगा चार महिन्यांनी लखनौला ज्युनिअर संघातून उतरला. अंतिम सामन्यात बेल्जियमलाच २-१ ने हरवून भारत विश्वविजेता झाला. टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं, तेव्हा त्याचे सहा गोल होते. २०२४ ला पॅरिसमध्ये तो कर्णधार होता. तिथे त्याने दहा गोल केले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच.

म्हणजे मी चुकलो? अर्धा चुकलो, असं म्हणेन. रिओपुरतं बोलायचं तर ती जागा वाया गेली असं आजही वाटतं. पण त्याला मोठ्यांत ठेवण्याइतकंच, नंतर त्याच्या वयाच्या मुलांत खेळायला पाठवणंही महत्त्वाचं होतं. आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. एकदा वरच्या संघात गेलेलं पोर खाली आलं की घरच्यांनाच कमीपणा वाटतो. शेजारी विचारतात, ‘काय हो, काढलं का त्याला?’ मग ते पोर वरच्या संघात बाकावर बसून राहतं, पण खाली येऊन खेळत नाही.

तुमच्या घरी अशी सोळा-सतरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल आणि मोठ्या संघाने बोलावलं असेल, तर पेढे जरूर वाटा. फक्त प्रशिक्षकांना एक विचारून घ्या: पुढच्या चार महिन्यांत आमचं पोर मैदानावर किती सामने खेळणार?