बोराकायचे अपराधी कोण?

पर्यटन आले की गावाचे दारिद्र्य फिटते, हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते पडताळून पाहण्याचे आपणांस सुचतही नाही. वाचकहो, फिलिपाइन्समधील बोराकाय बेटाकडे पाहा. अवघे १० चौरस किलोमीटर. तेथे २०१७ साली सुमारे २० लाख पर्यटक उतरले! शुभ्र पुळणीलगत हॉटेले उभी राहिली आणि त्यांतील कित्येकांचे सांडपाणी प्रक्रियेविना थेट समुद्रात गेले. अखेर राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी बेटाला मैल्याचा खड्डा म्हटले व एप्रिल २०१८ मध्ये त्यास सहा महिने कुलूप ठोकले.

ठीकच झाले, पण शिक्षा कोणाला? पुंजी असलेले तग धरून राहिले. खोल्या झाडणारे, होड्या चालविणारे, हातावर पोट असलेले हजारो जीव बेकार झाले. पाणी त्यांनी नासवले होते काय?

आणि आती लोक? ते तर बेटाचे मूळ रहिवासी. त्याच वर्षी सरकारने त्यांना जमिनीचे पट्टे वाजतगाजत दिले. पुढे इतर दावेदार उभे राहिले, आणि २०२४ साली, ही जमीन शेतीयोग्य नाही, असे सांगून सरकारच्याच कृषिसुधारणा खात्याने ते पट्टे रद्द केले. हॉटेलांसाठी ती योग्य आहे की नाही, हे मात्र कोणी विचारले नाही.